पालक मेळाव्यात आईची जागा सभागृहात

ऑगस्ट उजाडला की जळकोट, घोणसी, अतनूर, वांजरवाड्याच्या घराघरांतल्या मोबाइलवर महाविद्यालयांचे निरोप यायला लागतात. कुणाच्या पोरीला नांदेडला प्रवेश मिळालेला असतो, कुणाच्या पोराला लातूरला, कुणाला उदगीरला. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी अमुक तारखेला पालकांसह हजर राहावं, असा तो निरोप. कुठं त्याला पालक मेळावा म्हणतात, कुठं स्वागत समारंभ, कुठं दीक्षारंभ. दीक्षारंभ हे नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१९ सालच्या मार्गदर्शिकेमुळं रूढ झालं. अभियांत्रिकीत त्याच्याही आधी, २०१७ पासून, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन आठवड्यांचा परिचय कार्यक्रम लावून दिला. त्याच्या नमुना वेळापत्रकात पालकांशी बोलायला पहिल्याच दिवशी वेगळी वेळ ठेवली आहे. तेव्हा बोलावणं मनापासूनचं असतं आणि जायलाच हवं.

निरोप वाचून झाला की घरात पहिला प्रश्न उठतो धाकट्यांचा. चौथीतला पोरगा आहे, अंगणवाडीतली पोरगी आहे. सोयाबीनमध्ये खुरपणी नाहीतर फवारणी चालू असते, शेजारीपाजारी सगळे रानात. लेकरं ठेवायची कुणाच्या भरवशावर? शेवटी सगळी निघतात. आणि तिथं पोचल्यावर जे घडतं ते दर वर्षी, दर महाविद्यालयाच्या आवारात दिसतं. वडील हॉलमध्ये जाऊन बसतात आणि आई बाहेर लिंबाखाली सतरंजी टाकून लेकरं सांभाळत बसते. आत वसतिगृहाचे नियम सांगितले जातात, रेक्टर मॅडम उभ्या राहून आपली ओळख करून देतात, शिष्यवृत्तीच्या तारखा कळतात. यातलं आईच्या कानावर काहीच पडत नाही. पुढं आठ दिवसांनी पोरीला रात्री ताप भरतो आणि ती फोन करते तो आईलाच.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे. धाकटी लेकरं बरोबर खुशाल न्या, पण त्यांना सांभाळायला आई सोडून दुसरं कुणीतरी न्या. या लेखात पुढं जे येईल ते या एका गोष्टीभोवतीच आहे.

कोण, किती जण

हे दुसरं माणूस कोण असावं, याचा विचार लेकरांच्या वयावरून करावा. तीन-चार वर्षांचं लेकरू असेल तर त्याच्यामागं पळणारं, त्याला शी-शूला नेणारं माणूस हवं. आत्या, मावशी, तरुण चुलती. आजीच्या गुडघ्यांना ते झेपत नाही. सात-आठ वर्षांचं असेल तर आजोबा उत्तम, कारण त्या वयाच्या लेकराला सोबतीला बोलणारं माणूस पुरतं.

खर्चाचं गणित वाटतं तेवढं अवघड नाही. एस.टी.त पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं. मार्च २०२३ पासून बायकांना सरसकट अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे आणि पासष्ट ते पंचाहत्तरच्या माणसाला अर्धं तिकीट. तेव्हा आई, आत्या आणि आजी अशा तिघींचं मिळून दीड तिकीट होतं. आजोबा पंचाहत्तरीपुढचे असले तर त्यांचं काहीच नाही. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड मात्र सगळ्यांचं जवळ पाहिजे.

घरात असं कुणीच नसेल तर आईवडिलांनी पाळ्या लावाव्यात आणि त्या घरूनच ठरवून जाव्यात. वसतिगृह, सुरक्षितता, आजारपण, रॅगिंग हा भाग चालू असताना आई आत. फी, शिष्यवृत्ती, कागदपत्रं चालू असताना वडील आत. आईला कागदाची समज जास्त असेल तर उलटं करा. तिथं जाऊन ‘तू जातीस का मी जाऊ’ करत बसलात की निम्मा कार्यक्रम त्यातच जातो.

आणखी एक चूक आपल्याकडं फार होते. जिचा प्रवेश झाला आहे त्या पोरीच्याच कडेवर धाकटं दिलं जातं, कारण घरी रोज तीच त्याला बघत असते. त्या दिवशी हे करू नका. तिला तिथं वर्गातल्या मुली भेटणार असतात. अभियांत्रिकीच्या परिचय कार्यक्रमात तर वीसेक विद्यार्थ्यांचा एक गट करून त्याला एक मार्गदर्शक प्राध्यापक देतात आणि गटाची पहिली ओळख त्याच दिवशी होते. कडेवर रडणारं लेकरू घेऊन ती त्या गोलात बसू शकत नाही. ती एका बाजूला उभी राहते आणि पहिल्या दिवशी बाजूला पडलेल्या मुलीला मैत्रिणी मिळायला वेळ लागतो. तो दिवस तिला पूर्ण मोकळा द्या.

उलट टोकाला, क्रूझर ठरवून अख्खी भावकी नेणारी घरंही आहेत. त्यांचा आनंद मला समजतो. गावातली पहिली पोर इंजिनिअरिंगला लागली की चुलत्यांनाही वाटतं आपण बघून यावं. पण हॉलमधल्या खुर्च्या मोजक्या असतात आणि दहा माणसांच्या जेवणापाण्यात आईवडील गुंतून पडतात. भावकीला दिवाळीनंतर न्या. या दिवशी आईवडील, धाकटी लेकरं आणि त्यांना सांभाळणारं एक माणूस, एवढंच पुरे.

आधी एक फोन

निरोप आला त्याच दिवशी महाविद्यालयाच्या कार्यालयात फोन लावा. व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारलं तर दहा जण दहा उत्तरं देतात. एका विद्यार्थ्यामागं किती माणसं चालतात, जेवणाची सोय आहे का आणि ती धाकट्यांनाही आहे का, कार्यक्रम सुरू होतो कधी आणि संपतो कधी, पालकांची सही लागणारे कागद कोणते, वसतिगृहाची खोली त्याच दिवशी मिळणार का. एवढं विचारलं की तयारीचं चित्र स्पष्ट होतं. लहान लेकरं बरोबर आहेत हेही सांगून टाका. बाजूची एखादी मोकळी वर्गखोली बसायला देणारी माणसं बहुतेक ठिकाणी असतात. मात्र आधी सांगितलं तरच त्यांना सोय करता येते.

धाकट्यांच्या शाळेतही आदल्या दिवशी गुरुजींना किंवा बाईंना सांगून ठेवा. न सांगता गैरहजर राहण्यापेक्षा ‘ताईचं विद्यापीठ बघायला चाललोय’ असं लेकरानं स्वतः जाऊन सांगितलं तर वर्गातल्या इतर पोरांच्याही कानावर ते पडतं.

वाटेवर

जळकोटला रेल्वे नाही, त्यामुळं सगळा भरवसा एस.टी.वर किंवा खासगी गाडीवर. नांदेडला जायचं तर जांब, कंधारवरून रस्ता. लातूरला जाणाऱ्यांना उदगीरवरून जाता येतं. गावात मुक्कामी गाडी येत असेल तर पहाटे तीच पकडावी आणि ती त्या रात्री खरंच आली आहे का, हे झोपायच्या आधी एकदा बघून घ्यावं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की गाडी अलीकडच्याच गावात थांबते.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ नांदेड शहरात नाही, विष्णुपुरीला आहे, लातूर-नांदेड रस्त्यावर. लोह्याच्या बाजूनं येणाऱ्या गाडीला आधी विद्यापीठ लागतं आणि मग गोदावरी ओलांडून शहर. गाडी तिथं थांबते का हे कंडक्टरला चढतानाच विचारा, म्हणजे लेकरं घेऊन बसस्थानकापर्यंत जाऊन परत उलटं यायची पाळी येत नाही. श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही विष्णुपुरीतच आहेत. तिन्हींची नावं लोक एका दमात घेतात, त्यामुळं रिक्षावाल्याला संस्थेचं पूर्ण नाव सांगा.

लेकरांना गाडी लागते. निघण्याआधी तेलकट काही देऊ नये. दशमी किंवा कोरडी भाकरी आणि थोडा गूळ पोटाला धरून राहतो. खिडकीकडची जागा, हातात लिंबू, पिशवीत दोन-तीन रिकाम्या प्लास्टिकच्या थैल्या. दुपारसाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्या, ती संध्याकाळपर्यंत चांगली राहते. जेवणाची सोय आहे असं सांगितलं असलं तरी शिदोरी न्याच. पंगत दोनला बसते आणि लेकराला साडेअकराला भूक लागते. पाण्याची बाटली प्रत्येकाची वेगळी असावी, लहान लेकराला कपड्यांचा एक जोड जास्तीचा आणि पावसाळा म्हणून एक मोठा टॉवेल.

हरवण्याची भीती खरी आहे, कारण विद्यापीठाचं आवार मोठं असतं आणि लेकराच्या मनात अजून शाळेचं मैदान असतं. निघताना त्याचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो मोबाइलवर काढून ठेवा. खिशात चिठ्ठी, तिच्यावर दोघांचे मोबाइल नंबर. फक्त वडिलांचा नको, कारण हॉलमध्ये त्यांचा फोन बंद असू शकतो. पोचल्याबरोबर एक ठिकाण ठरवा, मुख्य इमारतीच्या पायऱ्या किंवा ध्वजस्तंभ, आणि चुकलास तर इथंच येऊन उभा राहा, दुसरीकडं जाऊ नको, असं लेकराकडून दोनदा म्हणवून घ्या. गरज पडली तर ११२ हा पोलिसांचा आणि १०९८ हा लहान मुलांच्या मदतीचा नंबर आहे.

वयानुसार काम

अंगणवाडीच्या वयाच्या लेकराकडून हॉलमध्ये बसण्याची अपेक्षाच ठेवू नये. त्याला आत नेऊ नका. मोबाइलवर कार्टून लावून बसवलं तर आवाजानं शेजारच्यांना ऐकू येत नाही आणि आवाज बंद केला की ते रडतं. त्याला आवारात फिरवा, खाऊ घाला, दुपारी सावलीत निजवा. तेवढंच त्याचं काम.

दुसरी ते सातवीतलं लेकरू मात्र खूप काही बघू शकतं. त्याला हातात वही-पेन्सिल देऊन काम सांगा. ग्रंथालय कुठं आहे ते शोध, आत किती टेबलं आहेत बघ, ताईच्या विभागाच्या पाटीवरचं नाव लिहून आण, मैदानावर कोणते खेळ चालू आहेत ते बघ. बरोबरच्या माणसानं ग्रंथपालांना विनंती केली तर दारातून तरी आत बघू देतात. ज्या लेकरानं आजवर शाळेतलं पुस्तकांचं एकच कपाट पाहिलं आहे, त्याला छताला टेकलेल्या रांगा बघू द्या. नांदेडच्या विद्यापीठाला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव का दिलं हेही त्या वयाला सांगता येतं. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे ते नेते होते. निजामाच्या राजवटीतून मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला मोकळा झाला आणि विद्यापीठाची स्थापना त्याच तारखेला, १९९४ साली झाली. शाळेत १७ सप्टेंबरला झेंडावंदन का होतं, हे जळकोटच्या लेकराला माहीत असतं. ती तारीख इथं पुन्हा भेटली की त्याला ही जागा परकी वाटत नाही.

उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश असेल तर लेकरांना रमवायची चिंता कमी. जनावरं बघायला कोणतंही लेकरू तयार असतं, फक्त परवानगीशिवाय गोठ्यात जायचं नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतीचे प्रयोग बघता येतात आणि आपल्या लेकरांना त्यातलं बरंचसं कळतंही. वैद्यकीय महाविद्यालयाचं मात्र वेगळं आहे. तिथं आवारातच रुग्णालय असतं आणि पावसाळ्यात तापाचे रुग्ण भरपूर असतात. पाच वर्षांखालचं लेकरू तिथं शक्यतो नेऊच नये. नेलंच तर रुग्णालयाच्या बाजूला फिरवू नये.

आठवीतल्या आणि त्यापुढच्या भावंडाला तर हॉलमध्येच बसवा, आईच्या शेजारी. काही वर्षांत त्याचीच पाळी आहे. तारखा, नंबर, नावं लिहून घ्यायचं काम त्याच्याकडं द्या. सांगणारे घाईत सांगतात आणि आईवडिलांना लिहायची सवय राहिलेली नसते. दहावीतली पोरगी असेल तर हे काम ती मोठ्या माणसांपेक्षा चांगलं करते. तिनं ऐकलेलं तिच्यासाठीही असतं.

सभागृहात

बसताना मागच्या दाराजवळची, कडेची जागा धरा. बाहेरून बोलावणं आलं तर कुणाला न उठवता जाता येतं. कार्यक्रमाची सुरुवात दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार यांनी होते. हा वेळ पाळी बदलायला, लेकरांना खाऊ द्यायला चांगला आहे. खरं ऐकायचं असतं ते नंतर, वसतिगृहाचे अधीक्षक, शिष्यवृत्तीचे लिपिक आणि विभागप्रमुख बोलायला उठतात तेव्हा. त्या वेळी आई आत असलीच पाहिजे.

प्रश्न विचारताना आपल्याकडची माणसं, त्यातही बाया, मागं राहतात. हॉलमध्ये उठून बोलायचा संकोच असेल तर नंतर जवळ जाऊन विचारा, पण विचारल्याशिवाय येऊ नका. वसतिगृहाचं दार किती वाजता बंद होतं? रात्री आजारी पडलं तर दवाखान्यात कोण नेतं? रेक्टरांचा नंबर कोणता? मुलीला घेऊन जायला कोण कोण येऊ शकतं? त्याची यादी करतात, तीत आईवडिलांबरोबर मामा किंवा चुलत्याचं नाव द्या, फोटो लागतो तो जवळ ठेवा. धाकटी बहीण कधी एखादी रात्र मुक्कामाला राहू शकते का हेही विचारा. बहुतेक ठिकाणी चालत नाही, आणि ते आधीच कळलं तर बसस्थानकावर रडारड होत नाही. गावाकडून एस.टी.नं डबा पाठवायची आपली जुनी रीत आहे. तो फाटकावर कोण घेतं आणि किती वाजेपर्यंत, हे माहीत असावं.

रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्रावर विद्यार्थ्याबरोबर पालकालाही दर वर्षी सही करावी लागते. तो कागद वाचून सही करा. महाराष्ट्रात रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ पासून आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम २००९ पासून देशभर लागू आहेत. १८००-१८०-५५२२ हा चोवीस तास चालणारा मदतीचा नंबर आहे, तो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर घालून ठेवा. इथं धाकट्यांचा एक संबंध येतो, जो कुणी लक्षात घेत नाही. घरापासून दूर गेलेलं पोरगं त्रासाची गोष्ट आईवडिलांना लगेच सांगत नाही, त्यांना घोर लागेल म्हणून. धाकट्या भावाला किंवा बहिणीला मात्र बोलता बोलता सांगून जातं आणि ‘घरी सांगू नको’ म्हणून बजावतं. तेव्हा आठवी-नववीतल्या भावंडाला शांतपणे समजावून ठेवा. बाकीची गुपितं तुमची तुम्ही ठेवा, पण कुणी मारतंय, त्रास देतंय, दादा जेवत नाही, झोपत नाही, असं कळलं तर त्याच दिवशी आईला सांगायचं. यात चहाडी नाही, हे त्याला मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळालं पाहिजे.

धाकट्यांसाठीचे कागद

शिष्यवृत्तीच्या खिडकीशी गेलात की मोठ्याच्या अर्जाबरोबर धाकट्यांचा हिशेबही तिथंच करून घ्या. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा लाभ एका कुटुंबातल्या दोन मुलांपुरता मिळतो. घरात तीन-चार लेकरं असतील तर कुणाचा अर्ज कोणत्या योजनेतून भरायचा, याचा विचार मोठ्याच्या प्रवेशालाच करायला हवा. तुमच्या प्रवर्गाच्या योजनेला अशी मर्यादा आहे का, हे स्पष्ट विचारा.

मुलींसाठी ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं मोठी सोय झाली आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलींना केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. घरात दहावीत, अकरावीत पोरगी असेल आणि ‘हिला एवढं कुठून शिकवायचं’ असं मनात येत असेल, तर ही माहिती तिच्या समोरच विचारून घ्या. तिला ती तुमच्याकडून नंतर कळण्यापेक्षा खिडकीतल्या माणसाच्या तोंडून आत्ता कळू द्या.

वसतिगृहात जागा मिळाली नाही तर बाहेर खोली करून राहावं लागतं. अशा वेळी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. इतर मागास वर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. आपल्या तालुक्यातल्या तांड्यांवरच्या मुलांनी ती नक्की विचारावी. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मिळू शकतो. प्रत्येकाच्या अटी वेगळ्या आहेत, त्यामुळं आपल्याला कोणती लागू होते हे त्या दिवशीच ठरवून घ्यावं आणि अर्जाची शेवटची तारीख वहीत लिहून घ्यावी. पैसे जमा होण्यासाठी विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं, आधार जोडलेलं बँक खातं लागतं. वडिलांच्या खात्यावर ते येत नाहीत.

मोठ्याचं जात वैधता प्रमाणपत्र जपून ठेवा आणि त्याच्या दोन-चार साक्षांकित प्रती घरी वेगळ्या ठेवा. सख्ख्या भावाचं किंवा बहिणीचं वैधता प्रमाणपत्र धाकट्याच्या पडताळणीत महत्त्वाचा पुरावा ठरतं. आजोबा-पणजोबांच्या नोंदी शोधायला मोठ्याच्या वेळी शाळेच्या आणि तहसीलच्या किती खेपा झाल्या ते आठवा. त्या सगळ्या कागदांची एक थैली धाकट्याच्या नावानं करा. तो अकरावी-बारावी विज्ञानला गेला की महाविद्यालयामार्फत अर्ज लगेच भरता येईल, निकाल लागल्यावर धावपळ नको. उत्पन्नाचा दाखला मात्र मुदत बघून पुन्हा काढावा लागतो, तेव्हा तहसीलला गेलात की दोघांचंही काम एकाच खेपेत उरका.

नव्या शैक्षणिक धोरणामुळं पदवी तीन वर्षांची की चार, असा गोंधळ अनेक पालकांच्या मनात असतो. चार वर्षांचा अभ्यासक्रम असला तरी तीन वर्षं पूर्ण करून पदवी घेता येते. आपल्या मुलाच्या शाखेला नेमकं काय लागू आहे ते विभागप्रमुखांना विचारा. हजेरीचा नियमही त्यांच्याकडूनच ऐका. सणावाराला किंवा सोयाबीन काढणीला आपण लेकरांना सहज आठ-आठ दिवस बोलावून घेतो आणि परीक्षेच्या तोंडावर हजेरी पंचाहत्तर टक्के भरत नाही.

खोलीवर

खोली त्याच दिवशी मिळाली तर धाकट्यांना ती दाखवायलाच हवी. ताई कुठं झोपणार, खिडकीतून काय दिसतं, पंखा आहे का, हे बघितलेल्या लेकराला नंतर रात्री ‘ताई कुठंय’ याचं उत्तर ठाऊक असतं. बादली, मग, कुलूप, उशी यांतली एखादी वस्तू त्याच्या हातात द्या आणि त्यालाच खोलीत नेऊन ठेवू द्या. मुलींच्या वसतिगृहात वडिलांना आणि भावाला दारातच थांबवतात. छोट्या भावाला सोडतात की नाही ते आधी विचारा आणि सोडत नसतील तर त्याला घरीच सांगून ठेवा, म्हणजे तिथं त्याचा हिरमोड होणार नाही. आई आणि बहिणीनं वर जाऊन मोबाइलवर खोलीचा फोटो काढून आणावा. त्यात खोलीतल्या इतर मुली येणार नाहीत एवढं पाहावं.

निरोप लांबवू नका. लहान लेकरू रडलं तर रडू द्या, पण ‘ताई उद्या येणार आहे’ असं खोटं सांगून गप्प करू नका. ताई दिवाळीला येणार, तोवर दर रविवारी फोनवर बोलायचं, असं खरं तेच सांगा. आणि तो रविवारचा फोन खरंच लावा, त्यात पहिली पाच मिनिटं धाकट्याची.

कार्यक्रम लवकर संपला आणि नांदेडला असाल तर सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात जाऊन येता येतं. लंगरमध्ये सगळ्यांना जेवण मिळतं, लेकरांच्या डोक्याला रुमाल बांधायला लागतो तेवढा पिशवीत ठेवा. मात्र शेवटच्या गाडीची वेळ आधी बघा. दिवसभर दमलेली लेकरं घेऊन अंधारात कंधारला गाडी बदलण्यापेक्षा चारच्या सुमाराला निघालेलं बरं.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी, सगळं ताजं असताना, वही उघडून बसा. रेक्टर, विभागप्रमुख, मार्गदर्शक प्राध्यापक, खोलीतल्या एका मुलीच्या घरचा असे नंबर एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावा, कारण मोबाइल रानात असतो आणि घरी आजी एकटी असते. शिष्यवृत्तीची तारीख कॅलेंडरवर खूण करून ठेवा आणि तिच्या आठ दिवस आधीच्या तारखेवर दुसरी खूण करा. आठवीतल्या पोरानं लिहून आणलेलं सगळ्यांना वाचून दाखवायला सांगा. पहिली भेट महिनाभरानं ठेवत असाल तर रविवार धरा, धाकट्यांची शाळा बुडत नाही आणि वसतिगृहाच्या भेटीच्या वेळाही बहुतेक ठिकाणी रविवारीच असतात. तेव्हा कुणी जायचं हे आत्ताच ठरवा. या वेळी लेकरांना सांभाळायला आलेल्या आत्याला किंवा आजोबांना हॉल बघायला मिळाला नाही, तर पुढच्या खेपेला आधी त्यांना न्या.